श्रद्धावान मित्राचा गौरव

गुणग्राहक : जिवाभावाचा मित्र ख्रिस्ती आहे आणि त्याच्या श्रद्धेने आसपासच्या चार माणसांना बळ मिळते. अशा मित्राचा गौरव करण्याची वेळ आली की लिहिणारा अडखळतो. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठल्याही तालुक्याच्या गावी निवृत्तीच्या किंवा साठीच्या समारंभात वाचले जाणारे मानपत्र पाहावे. त्यात शब्द ठरलेले असतात: सेवाभावी, मनमिळाऊ, निगर्वी, सर्वांशी समभावाने वागणारे. शाल-श्रीफळ होते, टाळ्या होतात. पण तो माणूस रविवारी सकाळी कुठे जातो, पहाटे उठून काय वाचतो, दवाखान्यात दुसऱ्याच्या आजारी आईच्या उशाशी बसून कोणाची प्रार्थना करतो, याबद्दल मानपत्रात अवाक्षर नसते. ज्या झऱ्यातून त्याची सेवा आली तो झराच गाळून टाकायचा, आणि सेवेचे मात्र कौतुक करायचे, असा हा प्रकार आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे मराठीत हेच झाले. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ते शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोहोचले. ‘अभंगांजली’ लिहिणारे आणि ‘ख्रिस्तायन’ आरंभणारे टिळक मात्र चर्चच्या भिंतींआडच राहिले. ज्या मित्राने आयुष्याचा केंद्रबिंदू लपवला नाही, त्याचा गौरव करणाऱ्याने तो का लपवावा?

साशंक : तो उल्लेख गाळणे नेहमी भित्रेपणाचे नसते. बऱ्याचदा ती रीत असते, आणि कधी मित्राचे रक्षणही असते. एक अगदी व्यवहारातली गोष्ट घ्यावी. राष्ट्रपतींच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. मूळ आदेशात तो मुख्यतः हिंदूंना होता. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे राहणाऱ्या आदिवासींना धर्माची ही अट लागू नाही, पण गावकुसाबाहेरून आलेल्या कुटुंबाला ती लागू आहे. अशा घरात जातीचा दाखला, मुलाची जात पडताळणी, वसतिगृहातला प्रवेश हे सगळे कागदावर उभे असते. प्रेमाने लिहिलेल्या लेखात मित्राच्या प्रभूवरील श्रद्धेचे वर्णन छापून आले, तर लेखकाचे काहीच बिघडत नाही. ज्याच्यावर लेख आहे त्याच्या मुलीचा दाखला अडू शकतो. तेव्हा मौन म्हणजे अनादरच, असे सरसकट म्हणता येत नाही.

दुसरी शंका शब्दांबद्दल आहे. ‘त्यांच्या श्रद्धेने अनेकांना प्रेरणा मिळाली’ हे वाक्य लिहायला सोपे. पण प्रेरणा कोणाला मिळाली आणि कशाची? दारू सोडण्याची, की देव्हारा सोडण्याची? राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क आहे. 1977 मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. गौरवलेखातला मोघम ‘प्रेरणा’ शब्द ही सीमा पुसून टाकतो. आणि वऱ्हाडाला या बाबतीत जुनी आठवणही आहे. 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयांत मुले आली. ती वाचली, शिकली, ख्रिस्ती झाली. त्यांना जगवणाऱ्यांचे ऋण मोठेच आहे. पण भुकेल्या मुलाच्या बाबतीत धान्य कुठे संपले आणि श्रद्धा कुठे सुरू झाली, हे ठरवणे अवघड आहे.

गुणग्राहक : दाखल्याची गोष्ट खरी आहे आणि गंभीर आहे, ती बाजूला सारता येणार नाही. पण प्रेरणेचा संशय फक्त ख्रिस्ती माणसाच्याच वाट्याला का येतो, हे विचारायला हवे. बुलढाणा जिल्ह्यात परक्या श्रद्धेच्या माणसाला मान देण्याची सवय नवी नाही. पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि जमलेल्या गर्दीत हिंदू भाविकांची संख्या मोठी असते. सैलानीला जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, की तुला बाबांनी कशाची प्रेरणा दिली. दर्ग्याच्या पायरीवर जे सहज घडते, ते चर्चच्या पायरीवर संशयास्पद का व्हावे?

शिवाय प्रेरणा म्हणजे धर्मांतरच, हे गृहीत धरण्याला टिळकांच्या घरातच उत्तर आहे. 1907 मध्ये जळगावला कवी संमेलन भरले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या धरणगावच्या सतरा वर्षांच्या मुलाने सर्वांना थक्क केले आणि तो ‘बालकवी’ झाला. टिळकांनी त्याला पुढे नगरला आपल्या घरी नेले, टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. घरात प्रार्थना होत, भजने होत, टिळक स्वतः त्या भजनांचे कवी. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यासाठी त्या घराने त्यांच्यावरची माया कमी केली नाही. जळगावहून मलकापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या भादली स्टेशनाजवळ 5 मे 1918 रोजी गाडीखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस. त्यानंतर वर्षभराने, 9 मे 1919 ला टिळकही गेले. या दोघांच्या स्नेहातून मराठी कवितेला काय मिळाले, हे वेगळे सांगायला नको. बालकवींनी टिळकांकडून जे घेतले त्याची नोंद कोणत्याही बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात नाही, म्हणून ती प्रेरणा नव्हती काय?

साशंक : सैलानीची तुलना अर्धीच लागू पडते. दर्ग्यावर नवस बोलून परतणाऱ्याचे नाव, घर, सोयरीक आणि वारसा जागच्या जागी राहतो. बाप्तिस्म्याने हे सगळे हलते. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता, पण कायदा वाटणीपुरता असतो. पंगतीतले पान तो परत मिळवून देत नाही. म्हणून समाज दोन्हींकडे वेगळ्या नजरेने पाहतो, आणि त्यात निव्वळ पूर्वग्रह नाही.

आता टिळकांचीच कथा दुसऱ्या बाजूने वाचावी. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय माणसाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कीर्तनासारखी रंगवून सांगता येईल अशी ही हकीगत आहे, आणि तशी ती सांगितलीही जाते. पण त्याच दिवशी पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचे दोन तुकडे झाले. नवरा जिवंत, तरी त्या परित्यक्तेसारख्या राहिल्या. कधी पंढरपूरला, कधी नातलगांकडे, लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन. लोकांची कीव आणि लोकांचे टोमणे दोन्ही त्यांनी सोसले. ज्या श्रद्धेने इतरांना बळ दिले, तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांची नावे गौरवलेखात येत नाहीत. मित्र लिहितो तेव्हा मित्राची बाजू लिहितो. मित्राच्या बायकोला, आईला, भावाला त्या निर्णयाने काय झाले हे त्याला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही ते त्या प्रसंगी सांगणे त्याला प्रशस्त वाटत नाही.

गुणग्राहक : पण लक्ष्मीबाईंचे हे दुःख आज माहीत आहे ते त्यांनी स्वतः लिहिले म्हणून, आणि ज्या ‘स्मृतिचित्रे’त लिहिले तो टिळकांचा मराठीतला सर्वांत मोठा गौरवग्रंथ आहे. 1934 ते 1937 या काळात चार भागांत निघालेल्या या पुस्तकात टिळकांचा शीघ्रकोप आहे, हातातल्या पैशाची बेपर्वाई आहे, घरदार न पाहता देऊन टाकण्याची वृत्ती आहे, न सांगता निघून जाणे आहे. एकही दोष झाकलेला नाही. तरी पुस्तक मिटताना वाचकाच्या मनात टिळक मोठेच होतात. तक्रार आणि गौरव एकाच लेखणीत राहू शकतात, याचा यापेक्षा ठळक पुरावा कुठे शोधायचा?

त्यातला एक भाग तर या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जातो. पाचेक वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपले सोवळे-ओवळे सोडले नाही. चूल वेगळी, भांडी वेगळी, पाणी वेगळे. टिळक तोपर्यंत मिशनचे माणूस झालेले. घरातच सोवळ्याची चूल ठेवणारा उपदेशक म्हणून त्यांना बोल लागणे शक्य होते. त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही, उलट तिचे सोवळे सांभाळले जाईल अशी व्यवस्था केली. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार करून जातिभेद टाकला. कोणाच्याही हातचे खाईन-पिईन, असे त्यांनी ठरवले ते बाप्तिस्म्याच्या आधी. 1900 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या हातून ‘ख्रिस्तायन’ थोडकेच झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या श्रद्धेने संसार मोडला, तिचेच महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. हे सांगायचे तर आधी संसार मोडला हे सांगावेच लागते. गौरव अपुरा राहतो तो दोष सांगितल्याने राहत नाही, दोष लपवल्याने राहतो.

साशंक : ते पत्नीचे पुस्तक आहे, आणि पत्नीला जे शोभते ते मित्राला शोभत नाही. लक्ष्मीबाईंना तक्रारीचा अधिकार होता, कारण त्यांनी ते भोगले होते. मित्राला तो अधिकार कोणी दिला? जे. सी. विन्स्लो हे इंग्लंडहून आलेले धर्मोपदेशक टिळकांचे स्नेही होते. टिळक गेल्यावर त्यांनी इंग्रजीत चरित्र लिहिले. ते 1923 मध्ये निघाले. चांगले पुस्तक आहे, आदराने लिहिलेले. पण त्यातले टिळक ख्रिस्ती महाराष्ट्रकवी म्हणून उजळून निघतात, आणि लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातले टिळक माणूस म्हणून. मित्राच्या लेखणीला श्रद्धा स्पष्ट दिसली, संसार अंधुक दिसला. हा विन्स्लोंचा दोष नव्हे, मैत्रीची ती मर्यादाच आहे.

गुणग्राहक : मर्यादा मान्य. तरी विन्स्लोंनी केलेला गौरव पुस्तकात संपला नाही, हे पाहिले पाहिजे. 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला जाऊन ते ख्रिस्ती संन्याशासारखे राहू लागले, आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि हा दरबार वारकऱ्यांच्या मेळ्यासारखाच त्यांच्या मनात होता. दोन वर्षांत ते वारले, दरबार विस्कटला. विन्स्लोंनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यामागे टिळकांच्या त्या कल्पनेची प्रेरणा होती: साधी राहणी, भारतीय भजन, गोरा-काळा भेद न ठेवता एकत्र जेवण. मित्राचे अपुरे राहिलेले काम उचलणे हा गौरवाचा सर्वांत प्रामाणिक प्रकार मानायला हवा. त्याच संघात 1927 मध्ये व्हेरिअर एल्विन आले. पुढे ते गोंडांमध्ये जाऊन राहिले आणि 1935 मध्ये चर्चपासूनच दूर झाले. टिळकांपासून निघालेली प्रेरणा अशा वाटेनेही गेली. ती कोणाला कुठे नेईल हे प्रेरणा देणाऱ्याच्याही हाती नसते. मग गौरव करणाऱ्याने तिच्या परिणामांची हमी का घ्यावी?

साशंक : हमी घ्यावी लागते, कारण परिणाम भोगणारे कधी अल्पवयीन असतात, कधी आश्रित असतात. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. धर्म शिकवणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते, आणि वर्गात त्यांनी तो शिकवला नाही. पण त्या स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये यावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकर कोत्या मनाचे नव्हते. बाईंची विद्वत्ता, जिद्द, त्याग यांचा त्यांनी मनापासून गौरव केला होता. पण उघड्या दारातून मुली आत जाऊ लागल्या तेव्हा त्यांना पालकांना उत्तर द्यायचे होते. ज्या विधवा मुलीला जगात दुसरा आसरा नाही, तिने आश्रयदात्रीच्या प्रार्थनेला जाऊन बसणे कितपत स्वेच्छेचे असते?

गुणग्राहक : आणि दार बंद करून प्रार्थना करायला लावणे कितपत न्यायाचे असते? आपल्याच घरात, आपल्याच खोलीत? त्या सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये तिचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला, ती आनंदीबाई, बाया कर्वे झाली. ती हिंदूच राहिली. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मवृत्तात तिने सदनाच्या दिवसांबद्दल लिहिले आहे. उघड्या दारासमोरून रोज गेलेली ही मुलगी स्वतःच्या वाटेने चालत राहिली, हेही त्या वादात मोजायला हवे होते.

त्या वादाच्या आधीच एका माणसाने रमाबाईंची बाजू घेतली होती, आणि तिथे बुलढाण्याचा धागा येतो. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’चे दोन अंक काढले. पहिल्यात संवादाच्या रूपाने रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा आहे, आणि फुले स्वतः ख्रिस्ती नसताना रमाबाईंच्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहतात. दुसऱ्यात ते बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची बाजू घेतात. ताराबाईंनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापले होते आणि त्यावर सत्यशोधकांतूनही टीका झाली होती. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. एक ख्रिस्ती झालेली, एक न झालेली. फुल्यांनी दोघींसाठी एकाच निष्ठेने लेखणी उचलली. दुसऱ्याच्या श्रद्धेत सामील न होता तिचा जाहीर सन्मान करता येतो, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवले.

साशंक : फुल्यांचे उदाहरण मोठे आहे, पण त्याला मैत्रीचा गौरव म्हणणे कठीण. रमाबाईंचे धर्मांतर हे फुल्यांच्या ब्राह्मण्याविरुद्धच्या युक्तिवादात भक्कम पुरावा म्हणून येते. त्यांनी ‘गुलामगिरी’त येशूलाही बळीराजाच्या रांगेत बसवले आहे. हा आदर खरा आहे, पण तो आपल्या अर्थाने केलेला आहे. रमाबाई येशूपुढे गुडघे टेकत त्या बळीराजा समजून नव्हे. गौरव करणारा कितीही उदार असला तरी दुसऱ्याच्या श्रद्धेला आपल्या भाषेत वळवून घेतो. हिंदू मित्र म्हणतो, ‘शेवटी देव एकच’. पुरोगामी मित्र म्हणतो, ‘शेवटी माणुसकी हाच धर्म’. ख्रिस्ती मित्राने आयुष्यभर जे नेमके मानले, तेच या दोन्ही वाक्यांत हरवते. मग मानपत्रातले मौन बरे, की अशी परस्पर केलेली उदार वाटणी बरी?

गुणग्राहक : दोन्ही नकोत. तिसरी वाट अवघड आहे, पण आहे: मतभेद लेखात तसाच ठेवायचा. मित्र काय मानतो ते त्याच्या शब्दांत सांगायचे, आपण ते मानत नाही हेही सांगायचे, आणि तरी त्याचे आपल्यावर काय ऋण आहे ते नाव-गावासकट मांडायचे. उस्मानाबादला जानेवारी 2020 मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, वसईचे कॅथलिक धर्मगुरू, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेले कार्यकर्ते. त्यांच्या निवडीला ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. काही समर्थकांनी बचाव असा केला, की ते आधी साहित्यिक आहेत, पर्यावरणवादी आहेत. हेतू चांगला असला तरी तो बचाव अपुरा होता. झाडांसाठी लढणारे दिब्रिटो आणि बायबल मराठीत आणणारे दिब्रिटो असे दोन वेगळे गृहस्थ नव्हते. धर्मगुरू आहेत आणि मराठीचे मोठे लेखकही आहेत, एवढे सरळ म्हणणे पुरेसे होते. 25 जुलै 2024 ला ते गेले.

साशंक : दिब्रिटो सार्वजनिक व्यक्ती होते. पाठीशी संस्था होती, नाव होते, विरोधाला उत्तर देण्याची ताकद होती. तालुक्याच्या गावातली ख्रिस्ती परिचारिका किंवा शिक्षक यांच्यापाशी त्यातले काहीच नसते. लेख छापणारा दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागतो. त्यांना त्याच गल्लीत राहायचे असते. म्हणून मतभेद तसाच ठेवण्याची वाट पटली, तरी ती चालायची की नाही हे ठरवण्याचा हक्क लेखकाचा नाही, ज्याच्यावर लेख आहे त्याचा आहे. आणि तो ‘नको’ म्हणाला तर? त्याची श्रद्धा वगळून लिहिले की गौरव खोटा पडतो, घालून लिहिले की विश्वासघात होतो. या पेचाला टिळकांच्या किंवा दिब्रिटोंच्या उदाहरणात उत्तर नाही.

गुणग्राहक : नाही, आणि ते आहे असा दावाही करता येत नाही. पण ‘नको’ म्हणण्याची संधी त्याला मिळायला हवी, आणि ती माणूस जिवंत असतानाच मिळू शकते. टिळकांवरची दोन्ही पुस्तके ते गेल्यावर निघाली. त्यांना एकाही ओळीला हरकत घेता आली नाही. तेव्हा बुलढाण्यात, खामगावात, मेहकरात ज्यांना अशा मित्रावर लिहायचे आहे त्यांनी मृत्युलेखाची वाट पाहू नये. आजच लिहावे. छापण्याआधी मजकूर त्याला वाचून दाखवावा, त्याच्या घरच्यांनाही दाखवावा, विशेषतः ज्यांना त्याच्या श्रद्धेची किंमत मोजावी लागली त्यांना. त्यांनी एखादे वाक्य खोडले तर ते खोडलेलेच ठेवावे.